काटा काय म्हणतो?

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर, स्पीडोमीटरच्या शेजारी, एक छोटी गोल तबकडी असते. मधोमध शून्य, दोन्ही अंगांना आकडे आणि एक बारीक काटा. हा ॲमीटर. काटा डावीकडे झुकला की बॅटरीतून करंट बाहेर जातोय, उजवीकडे झुकला की बॅटरी भरतेय. आजच्या मोटरसायकलींवर हे यंत्र दिसत नाही, आणि जुन्या बुलेटवर असूनही बरेच मालक त्याला शोभेची वस्तू समजतात. गाडी बंद पडली की आधी प्लग काढला जातो, मग कॉइल बदलली जाते, मग बॅटरी. जाणता मिस्त्री मात्र पान्याला हात लावण्याआधी चावी फिरवतो आणि काट्याकडे बघतो. निम्मा तपास तिथेच होतो.

बुलेटचं मूळ गाव इंग्लंडमधलं रेडिच. मागच्या चाकाला स्प्रिंगचं सस्पेन्शन असलेली 350 सीसीची बुलेट 1949 पासून विकली जाऊ लागली. भारतीय सैन्याने ती पसंत केली आणि 1955 साली मद्रास मोटर्सने रेडिचच्या कंपनीशी हातमिळवणी करून एनफील्ड इंडिया उभी केली. सुरुवातीला तिकडून आलेले भाग जोडले जात. पुढे तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात सगळी गाडीच घडू लागली. इंग्लंडमधलं काम 1970 च्या सुमारास संपलं, पण मद्रासची बुलेट तेच ओतीव लोखंडाचं इंजिन घेऊन नव्या शतकात आली. त्यामुळे दोन पिढ्यांच्या गाड्यांत विजेची मांडणी जवळजवळ सारखीच सापडते: सहा व्होल्टची बॅटरी, आल्टरनेटर, रेक्टिफायर, एक कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट. बारा व्होल्ट आले ते बरंच नंतर.

या मांडणीची मुळं बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीपर्यंत जातात. लुकासच्या दिव्यांना कंटाळलेल्या इंग्रज चालकांनी तिला 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवी दिली होती. थट्टा फार पसरली, पण ती पुरती न्यायाची नाही. जुन्या गाडीतला विजेचा बिघाड सुट्या भागात क्वचित असतो. बहुतेक वेळा तो दोन भागांच्या मधल्या सांध्यात असतो: गंजलेल्या थिंबलमध्ये, सैल झालेल्या नटाखाली, रंगाने झाकलेल्या अर्थमध्ये.

सहा व्होल्टच्या गाडीला सांध्यांची हयगय का सोसत नाही, हे साध्या हिशेबातून कळतं. 30 वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर पाच ॲम्पिअर करंट लागतो. बारा व्होल्टवर त्याच ताकदीच्या दिव्याला अडीच पुरतात. आता वाटेत एखादा गंजका सांधा आहे आणि सहातला एक व्होल्ट तोच खातोय असं धरा. बल्बला पाच उरले. ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे 30 वॅटचा बल्ब जेमतेम 21 वॅटवर जळतो, आणि उजेड तर त्याहूनही जास्त घटतो. बारा व्होल्टच्या गाडीत तोच एक व्होल्ट हरवला तर 25 वॅट शिल्लक राहतात. सहा व्होल्ट म्हणजे कमी दाबाचा नळ. वाटेत कुठे जरा अडलं की वरच्या मजल्यावर थेंब पोचत नाही.

आता काट्याकडे वळू. चावी फिरवून किक हाताने हळूहळू दाबत नेली की पॉइंट मिटलेले असेपर्यंत बॅटरीतला करंट कॉइलमधून, पॉइंटवाटे, इंजिनच्या लोखंडात उतरतो. काटा डावीकडे तीन-चार ॲम्पिअरवर उभा राहतो. पिस्टन दाबाच्या टोकाशी आला की पॉइंट उघडतात आणि काटा टपकन शून्यावर येतो. बुलेटवाल्यांची किक मारण्याची रीत यावरच बेतलेली आहे. काटा शून्यावर आला की थांबायचं, डिकंप्रेसरचा खटका ओढून पिस्टन किंचित पुढे काढायचा, खटका सोडायचा आणि मग पूर्ण किक. नवखा माणूस नुसत्या ताकदीवर जातो आणि उलटी किक बसली की पोटरी चोळत बसतो.

हाच काटा बिघाडाची दिशाही सांगतो. किक कितीही फिरवली तरी तो हललाच नाही, तर वाट कुठेतरी तुटलेली आहे. मग हॉर्न दाबून बघायचा. हॉर्नही मुका असेल तर बॅटरी, फ्यूज आणि त्यांच्या वायरी तपासायच्या. हॉर्न खणखणीत असेल तर संशय इग्निशन स्विच, कॉइल आणि पॉइंट एवढ्यांपुरता उरतो. पुढचा तपास टेस्ट लॅम्पचा: सहा व्होल्टचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. एक वायर इंजिनला, दुसरी कॉइलच्या येणाऱ्या टोकाला, मग जाणाऱ्या टोकाला, मग पॉइंट उघडे ठेवून पॉइंटच्या बोल्टला. दिवा जिथपर्यंत लागतो तिथपर्यंत वाट शाबूत. जिथे विझतो त्याच्या अलीकडच्या टप्प्यात दोष.

गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिली असेल तर दोष बहुधा पॉइंटच्या तोंडांवर असतो. तिथे करडा थर चढतो आणि पॉइंट मिटूनही करंट जात नाही. बारीक फाइलने दोन हलके हात मारायचे, मग पेट्रोलमध्ये बुडवलेली कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढायची. कागद स्वच्छ बाहेर येईपर्यंत काम झालं असं समजू नये. नुसता पॉलिशपेपर फिरवला तर त्याचे कण तिथेच रुततात आणि बिघाड चार दिवसांनी परत येतो. साफ झाल्यावर फीलर गेजने 0.35 ते 0.40 मिलिमीटर गॅप ठेवायचा.

काटा डावीकडे जाऊन तिथेच अडकला, किक फिरवली तरी शून्यावर येईना, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा ते उघडूनही करंट दुसऱ्याच वाटेने अर्थला मिळतोय. यातला निवाडा एका कागदाच्या तुकड्यावर होतो. पॉइंटच्या मध्ये कागद सरकवायचा. काटा शून्यावर आला तर गॅप चुकलाय. तरीही काटा डावीकडेच राहिला तर गळती पॉइंटच्या बाहेर आहे, आणि तेव्हा नजर वळवायची त्या बोल्टकडे जिथे हलत्या पॉइंटची स्प्रिंग बसते. हा बोल्ट बाकीच्या लोखंडापासून फायबरच्या छोट्या वॉशरांनी वेगळा ठेवलेला असतो. कॉइलकडून आलेल्या वायरचं थिंबल आणि कंडेन्सरचं थिंबल, दोन्ही स्प्रिंगला टेकली पाहिजेत आणि बॉडीला लागता कामा नयेत. वॉशर हरवला, किंवा परत जोडताना आतला बाहेर आणि बाहेरचा आत गेला, की गाडी मेली. नवे पॉइंट, नवा प्लग, नवी कॉइल सगळं घालूनही स्पार्क येत नाही, कारण दोष दुरुस्तीनेच घातलेला असतो. फायबरचा एवढासा वॉशर पूर्ण दिवस खातो. या अवस्थेत चावी चालू सोडून चहाला जाऊ नये. कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

तिसरी शक्यता: काटा नीट डोलतो, तरी गाडी चालू होत नाही. मग बॅटरीकडची बाजू ठीक आहे आणि दोष कंडेन्सर, कॉइलचं वरचं अंग, प्लगची वायर, टोपी किंवा प्लग यांत आहे. प्लग काढून हेडला टेकवून स्पार्क बघायचा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ उडते आणि भडका व्हायला एक ठिणगी पुरते. टोपी मोकळी लोंबत ठेवून किक मारणंही वाईट. वाट न मिळालेला दाब कॉइलचंच इन्सुलेशन फोडतो.

कंडेन्सर हा या मांडणीतला सर्वांत कपटी भाग. पॉइंट उघडताना तिथे उडू पाहणारी ठिणगी तो गिळतो, म्हणून कॉइलमधलं चुंबकत्व झटकन कोसळतं आणि प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. कंडेन्सर गेला की पॉइंटवर लख्ख ठिणगी दिसते आणि प्लगवर पिवळट धागा. पुष्कळदा तो थंड असताना चालतो आणि तापला की सोडतो: घाटात गाडी बंद, अर्धा तास थांबलं की पुन्हा पहिल्या किकला चालू. अशा वेळी जुन्या कंडेन्सरची वायर सोडवून चिमट्याने बाहेरून दुसरा खात्रीचा कंडेन्सर जोडून बघावा. गाडी सुधारली तर गुन्हेगार सापडला, आणि बाकीचे भाग उगाच बदलायचे वाचले.

चार्जिंगची परीक्षाही काटाच घेतो. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावला की काटा डावीकडे पाचच्या आसपास जातो. इंजिन चालू करून एक्सिलरेटर वाढवला की तो शून्याकडे सरकला पाहिजे आणि थोडा उजवीकडेही गेला पाहिजे. जागचा हलला नाही तर आल्टरनेटर किंवा रेक्टिफायर. आल्टरनेटर डाव्या बाजूला, प्रायमरी चेनच्या डब्यात तेलात बसलेला असतो. त्याच्या वायरी वर्षानुवर्षं गरम तेलात कडक होतात आणि डब्यातून बाहेर पडतात तिथे सोलवटतात. जुन्या रेक्टिफायरमध्ये सेलेनियमच्या पत्र्यांची चळत असते. ती आवळून धरणाऱ्या मधल्या नटाला पाना लावू नये. चळतीचा दाब बिघडला की रेक्टिफायर कामातून गेला.

लुकासच्या जुन्या मांडणीत वेगळा रेग्युलेटर नव्हता. दिव्यांचा स्विचच आल्टरनेटरची कमी-जास्त गुंडाळी चार्जिंगमध्ये घेई. म्हणून स्विच आतून खराब झाला की दिवसा बॅटरी उकळते नाहीतर रात्री उपाशी राहते. दोष दिसतो बॅटरीत, असतो स्विचमध्ये, आणि मालक एकापाठोपाठ एक बॅटऱ्या बदलत राहतो.

अर्थचा बिघाड हल्ली नव्याने रंगवून आलेल्या गाड्यांत जास्त दिसतो. चासी, मडगार्ड, ब्रॅकेट सगळ्यांवर जाड पावडर कोटिंग, वर क्रोमची झळाळी आणि आतून विजेची परतीची वाटच बंद. मागचा दिवा मडगार्डच्या बोल्टवाटे अर्थ होतो आणि रंग वीज जाऊ देत नाही. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा तेज होण्याऐवजी मंद झाला, तर हमखास समजावं की अर्थ गेलाय आणि करंट दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा वाट शोधतोय. हेडलाइटची तऱ्हा निराळी. तो पुढच्या फोर्कवर बसतो, आणि वेगळी अर्थ वायर नसेल तर त्याचा करंट हँडलच्या बेअरिंगमधून, ग्रीसमधल्या गोळ्यांवरून चासीकडे जातो. हँडल वळवलं की दिवा मिचकावतो तो यामुळे. इलाज स्वस्त: हेडलाइटपासून इंजिनपर्यंत आणि मागच्या दिव्यापासून बॅटरीपर्यंत एकेक वेगळी वायर. वायर लावण्याआधी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थकडच्या टोकाला आणि दुसरं दिव्याच्या बॉडीला लावून, दिवा चालू ठेवून आकडा बघावा. पाव व्होल्टच्या वर काही दिसलं तर चोरी तिथेच आहे. कुठलं टोक अर्थला आहे हेही आधी पाहून घ्यावं. जुन्या इंग्रजी गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे, आणि सवयीने बॅटरी उलटी जोडली की रेक्टिफायर जातो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर नवे फ्यूज जाळत बसू नये. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण तेजाने जळतो. मग एकेक फाटा सोडवत जायचं, वायरींचा जुडगा हाताने हलवत जायचं. ज्या क्षणी बल्ब मंदावतो, त्या जागी शॉर्ट. बहुतेकदा तो टाकीखाली, हँडलच्या मानेपाशी सापडतो, जिथे प्रत्येक वळणाला वायरी घासल्या गेलेल्या असतात.

यातला प्रत्येक उपाय संशयाचा घेर लहान करत नेतो. उलट रीत म्हणजे भाग बदलत जाणं, आणि ती महाग पडते. पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीत करोल बागेत बुलेटचा जवळजवळ प्रत्येक भाग मिळतो, पण नवा म्हणजे चांगला असं नाही. नव्या डबीतला कंडेन्सर शंभर किलोमीटरवर सोडू शकतो. म्हणून चालता जुना भाग फेकू नये. खूण करून हत्यारांच्या पेटीत ठेवावा. बारा व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणाऱ्यांचंही खोटं नाही: दिवे उजळतात, पॉइंट घासायचे वाचतात. पण गंजके सांधे तसेच ठेवून हा खर्च केला तर जुनाच बिघाड नव्या डब्यात जातो, आणि तो डबा रस्त्याकडेला उघडून दुरुस्त होत नाही.

शिवाय चाळीस-पन्नास वर्षांत गाडी तीन-चार हातांतून गेलेली असते. कुणी हॉर्न वेगळ्या वायरने घेतलेला असतो, कुणी इंडिकेटर जोडलेत, कुणी लाल संपली म्हणून निळी वापरली. पुस्तकातली आकृती अशा गाडीला लागू पडत नाही. टाकी उतरवलेलीच असेल तर एक संध्याकाळ खर्चून आपल्या गाडीची आकृती आपण काढावी: कुठल्या रंगाची वायर कुठून निघते, कुठे जोड आहे, अर्थ कुठे घेतलाय. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून टूलबॉक्समध्ये ठेवावा आणि गाडी विकली तर चावीबरोबर द्यावा. पुढच्या मालकाचे त्याने बॅटरीपेक्षा जास्त पैसे वाचतील.