कानाला सवय होते, काळजाला नाही

गैरसमज : गोंगाट हा मुंबई-पुण्याचा प्रश्न, माणगावचा नव्हे.

आवाजाचा त्रास गावाच्या लोकसंख्येवर नव्हे, तर रस्ता घराच्या किती जवळून जातो यावर ठरतो. मुंबई-गोवा महामार्गाने माणगावची बाजारपेठ वर्षानुवर्षे मधोमध कापली आहे. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या आणि शनिवार-रविवारी श्रीवर्धन-दिवेआगरला निघालेले पर्यटक इथेच तुंबतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत गावाला वेगळी सवलत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या किमान १०० मीटरच्या घोषित शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल आहे. ‘दहाच डेसिबल जास्त’ हेही फसवे आहे, कारण दहा डेसिबलच्या वाढीने ध्वनीची तीव्रता दहापट होते.

गैरसमज : सवय झाली की त्रास संपतो.

रस्त्यालगतची माणसे खरोखरच गाढ झोपतात, त्यामुळे हा समज पटतो. पण झोपेतही कान बंद होत नाहीत. ट्रक गेला की मेंदू धोक्याची सूचना देतो, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, ताणाची संप्रेरके स्रवतात. जाग येत नाही म्हणून सकाळी काही आठवत नाही, एवढेच. वर्षानुवर्षे हे चालले की उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी रात्रीच्या वाहतुकीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलखाली ठेवण्याची शिफारस केली. हृदयविकाराला आहार, तंबाखू, आनुवंशिकता ही कारणेही आहेतच. पण आवाज त्यांत भर घालतो आणि तो टाळता येतो.

गैरसमज : हॉर्न नसेल तर अपघात होतील.

ताम्हिणी घाटातल्या आंधळ्या वळणावर हॉर्न हवाच. पण एसटीमागे अडकलेल्या गाडीच्या हॉर्नने ना एसटी हलते, ना कोंडी सुटते. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफनुसार पहिल्या वेळी १,००० रुपये दंड आहे. बाह्यवळण झाले, तरी त्याने फक्त लांब पल्ल्याची वाहने गावाबाहेर जातात. बाजारातला हॉर्न आणि वरातीचा डीजे मात्र गावातच राहतो. तो कमी करणे गावकऱ्यांच्याच हाती आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक सुरू राहिला, तर ११२ वर फोन करा.