मुलाखतीसाठी परवानगी

अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगी परिसरात सरकारी आरोग्यसेवेनं १९३२ साली सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना ‘रक्त दूषित आहे’ एवढंच सांगितलं गेलं. पुढे पेनिसिलिन सहज मिळू लागलं, तरी त्यांना ते दिलं नाही. चाळीस वर्षं हे चाललं, आणि तेही उघडपणे! निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत रीतसर छापून येत. शिकलेसवरलेले डॉक्टर ते वाचत आणि पान उलटत.

ज्यानं अखेर या प्रकरणाची तड लावली, तो डॉक्टर नव्हता. पीटर बक्स्टन हा सॅन फ्रान्सिस्कोत गुप्तरोगाच्या रुग्णांच्या मुलाखती घेणारा कर्मचारी. १९६६ मध्ये त्यानं वरिष्ठांकडे लेखी हरकत घेतली, १९६८ मध्ये पुन्हा घेतली. १९६९ मध्ये तज्ज्ञांची बैठक भरली आणि तिनं काय ठरवलं? अभ्यास चालूच ठेवायचा! शेवटी त्यानं ही माहिती पत्रकारांना दिली आणि जुलै १९७२ मध्ये जीन हेलर यांची बातमी देशभर गाजली.

मग चक्रं फिरली. १९७४ मध्ये कायदा आला, १९७९ मध्ये अशा संशोधनाची नीतितत्त्वं मांडणारा बेल्मॉन्ट अहवाल. माणसांवरच्या संशोधनाला आधी संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी हवी, असं ठरलं. पण संशोधन म्हणजे काय? सरकारी व्याख्या अशी की, सर्वसाधारणपणे लागू पडेल असं ज्ञान मिळवण्यासाठी केलेला पद्धतशीर शोध. ही व्याख्या दवाखाना आणि प्रयोगशाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली, पण तिच्या शब्दांत सुई आणि प्रश्न यांत फरकच नव्हता. त्यामुळे म्हाताऱ्या खाणकामगारांच्या आठवणी टिपू पाहणारा इतिहासकारही समितीच्या दारात उभा राहिला. आधी सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण, त्याची चाचणी, मग प्रश्नांची यादी तपासून घ्यायची. कुणाला काय विचारावं हे समितीनं ठरवायचं, तर अभ्यासकाच्या स्वातंत्र्याचं काय? अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेनं २००६ च्या अहवालात म्हटलं की, जाणत्या प्रौढांशी नुसतं बोलायचं असेल तर मंजुरीची अटच नको.

(आपल्याकडे यूजीसीनं २०१९ च्या अखेरीस पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो मराठी साहित्याचा का असेना, ३० तासांचा नीतिविषयक अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात वाङ्मयचौर्य आणि बोगस नियतकालिकं यांना मोठी जागा आहे. तिथलं दुखणं सुईचं नाही, कात्रीचं आहे.)

तिकडे अमेरिकेत इतिहासकारांनी समितीपासून सुटका करून घेतली ती फार मजेशीर वाटेनं. त्यांनी तीच व्याख्या उलटी धरली: आम्ही एका विशिष्ट माणसाची, एका काळाची हकिगत सांगतो, आमचं ज्ञान सर्वसाधारणपणे लागू पडणारं नाहीच! २००३ मध्ये या नियमांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीनं हे बरंचसं मानलं, तरी विद्यापीठांतल्या समित्या लवकर बधल्या नाहीत. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित नियमात मौखिक इतिहास, चरित्रलेखन आणि पत्रकारिता यांना स्पष्टपणे वगळलं गेलं. काही इतिहासकारांना हा विजय बोचला. आपल्या अभ्यासातून व्यापक काही कळतच नाही, असं कोणता अभ्यासक खुशीनं लिहून देईल?

समाजशास्त्रज्ञांना तर ही पळवाटही नाही. दहा माणसांशी बोलून समाजाबद्दल काही म्हणायचं, हाच त्यांचा धंदा. मुलाखत तीच, प्रश्नही कदाचित तेच, पण त्यांचा अर्ज समितीपुढे जातो.