व्हिडिओ गेम 'पूर्ण' झाला, असे नेमके कधी म्हणावे?

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात राहणाऱ्या विलिस गिब्सन या १३ वर्षांच्या मुलाने २१ डिसेंबर २०२३ रोजी 'टेट्रिस' हा खेळ १५७व्या पातळीपर्यंत नेला. सुमारे ३८ मिनिटांच्या खेळानंतर पडद्यावरील ठोकळे जागच्या जागी थिजले आणि खेळ बंद पडला. निन्टेन्डो कंपनीच्या कन्सोलसाठी १९८९ साली निघालेल्या आवृत्तीत माणसाने ही अवस्था गाठल्याची ही पहिलीच नोंद होती. त्याच महिन्यात निधन पावलेल्या वडिलांना त्याने हे यश अर्पण केले. टेट्रिसवर माणसाने प्रथमच मात केल्याचे वृत्त जानेवारी २०२४मध्ये जगभर प्रसिद्ध झाले.

या वृत्तात एक विसंगती मात्र होती. टेट्रिसच्या या मुख्य प्रकारात विजयाची तरतूदच नाही. ठोकळे वरून पडत राहतात, भरलेल्या ओळी नाहीशा होतात, वेग वाढत जातो आणि केव्हातरी खेळाडू हरतो. ज्या खेळाला शेवट नाही, तो पूर्ण कसा होणार? हा प्रश्न केवळ टेट्रिसपुरता नाही. व्हिडिओ गेम पूर्ण करणे म्हणजे काय, याची उत्तरे गेल्या चार दशकांत अनेकदा बदलली आहेत.

यंत्राने आखलेली सीमा

नाणे टाकून खेळावयाच्या सुरुवातीच्या यंत्रांवरील बहुतेक खेळांना शेवट नसे. खेळाडू लवकर हरला, तर पुढचे नाणे लवकर पडते, हा त्यामागील व्यवहार होता. त्यामुळे 'गेम ओव्हर' ही अक्षरे पूर्तीची नव्हे, तर पराभवाची खूण ठरली.

जपानमधील नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी रचलेला 'पॅक-मॅन' १९८० साली आला. त्यात पातळीचा क्रमांक आठ बिटांच्या जागेत साठवला जातो. या जागेत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. स्कूटरवरील किलोमीटरचा आकडा सगळे नऊ झाल्यावर पुन्हा शून्यावर यावा, तसेच येथे घडते. २५६व्या पातळीवर पडद्याखालच्या फळांची चित्रे काढणारी आज्ञावली गोंधळते आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक अक्षरांनी भरून जातो. पुढे जाण्यास लागणारे ठिपके तेथे उरत नाहीत आणि खेळ अडतो. कोणाच्याही मनात नसलेला हा अपघात खेळाडूंनी खेळाचा शेवट म्हणून स्वीकारला. तेथपर्यंत मिळवता येणारे सर्वाधिक ३३,३३,३६० गुण म्हणजे 'परिपूर्ण' खेळ, असे मानले जाऊ लागले.

टेट्रिसची सीमा तर अनेकदा सरकली. २९व्या पातळीवर ठोकळे इतक्या वेगाने पडतात की बटण दाबून धरले, तरी ते कडेपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून अनेक वर्षे तीच खेळाची अखेर समजली जाई. पुढे काही खेळाडूंनी बटण अतिवेगाने वारंवार दाबण्याचा सराव केला. त्यानंतर 'रोलिंग' ही पद्धत आली. तीत अंगठा बटणावर ठेवून नियंत्रकाच्या पाठीवर एकामागून एक बोटे आपटली जातात आणि प्रत्येक आघाताला बटण दाबले जाते. या पद्धतीमुळे खेळ कितीही काळ लांबवता येऊ लागला. गिब्सनपुढे जो अडथळा आला, तो वेगाचा नव्हता. फार वरच्या पातळीवर गुणांची बेरीज करण्यास आज्ञावलीला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो आणि ते काम अर्धवट असतानाच पडदा नव्याने रेखाटण्याची वेळ येते. त्यातून यंत्र कोलमडते.

पण तोही अखेरचा शब्द ठरला नाही. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी मायकेल आर्टियागा या खेळाडूने २५५वी पातळी ओलांडून टेट्रिस पुन्हा शून्य पातळीवर आणला. त्याने वापरलेल्या आवृत्तीत खेळ कोलमडू नये म्हणून बदल केलेले होते. यंत्र थांबले म्हणजे खेळ पूर्ण झाला, की आकड्यांचे चक्र फिरून आरंभाशी आले म्हणजे पूर्ण झाला? दोन्ही बाजूंना तर्क आहे.

संपणे आणि पूर्ण होणे

कथा असलेल्या खेळांत हे उत्तर सोपे वाटते. निन्टेन्डोचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ साली आला. भारतात १९९०च्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या स्वस्त कन्सोलमुळे, 'कॅसेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डब्यांतून तो घरोघरी पोहोचला. शेवटच्या किल्ल्यातील राजकन्या सुटली की गेम संपला, असे मुले मानत. वास्तविक त्यानंतर तोच खेळ अधिक अवघड रूपात पुन्हा सुरू करता येतो. शिवाय गुप्त मार्गांचा उपयोग केल्यास ३२ टप्प्यांपैकी केवळ ८ टप्पे खेळून राजकन्येपर्यंत जाता येते. उरलेले २४ टप्पे न पाहिलेल्या खेळाडूने हा खेळ संपवला, हे खरे. त्याने तो पूर्ण केला का, हा वेगळा प्रश्न आहे.

१९९६ सालच्या 'सुपर मारिओ ६४'मध्ये हा भेद खेळाच्या रचनेतच आला. अंतिम लढतीस ७० तारे पुरतात, परंतु एकूण तारे १२० आहेत. ते सर्व गोळा करणाऱ्याला राजवाड्याच्या छपरावर योशी हे लाडके पात्र भेटते. म्हणजे कथेचा शेवट सर्वांसाठी आणि खेळाचा शेवट चिकाटी असणाऱ्यांसाठी, अशी विभागणी झाली.

२०१७ सालच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या खेळात ही दरी फार रुंदावली. आरंभीच्या पठारावरून खाली उतरताच खेळाडू थेट अंतिम शत्रूपुढे जाऊ शकतो. निष्णात खेळाडू अर्ध्या तासाच्या आत तो खेळ संपवतात. त्याच खेळात ९०० कोरोक बिया दडलेल्या आहेत. सामान ठेवण्याची जागा पूर्ण वाढवण्यास त्यांतील ४४१ पुरतात. सर्व ९०० शोधणाऱ्याला शेणाच्या गोळ्यासारखी दिसणारी, जवळजवळ निरुपयोगी अशी सोनेरी भेट मिळते. सर्व काही गोळा केल्याशिवाय चैन न पडणाऱ्यांची ही निर्मात्यांनी केलेली थट्टाच म्हणावी लागेल. 'एवढा गेम पूर्ण करून अभ्यासाला बसतो' असे मुलाने सांगितले, तर त्याचा अर्थ अर्धा तास असू शकतो आणि शेकडो तासही.

पदके आणि टक्केवारी

पूर्वी हे मोजमाप प्रत्येक खेळापुरते असे. २००५ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० या कन्सोलसोबत सर्व खेळांना लागू होणारी 'अचिव्हमेंट' पद्धत आणली. २००८ साली सोनीने प्लेस्टेशन ३वर 'ट्रॉफी' सुरू केल्या. खेळातील इतर सर्व ट्रॉफी मिळवणाऱ्याला प्लॅटिनम ट्रॉफी मिळते. पूर्तीचे असे प्रमाणपत्र हाती येऊ लागल्याने खेळाडूंची सोय झाली. मात्र पदकांची यादी निर्माताच करतो. एखादे कंटाळवाणे काम शंभर वेळा करणे हीही त्यातील अट असू शकते. खेळाचे मर्म उमगलेला खेळाडू पदकाविना राहतो आणि यादीवर खुणा करीत गेलेला प्लॅटिनम मिळवतो, असेही घडते.

कमीत कमी वेळात खेळ संपवणाऱ्या 'स्पीडरन' खेळाडूंनी यावर व्यावहारिक तोडगा काढला आहे. विक्रम नोंदवण्यापूर्वी ते प्रकार ठरवतात. 'एनी पर्सेंट' म्हणजे वाटेत काहीही वगळले तरी चालेल, फक्त शेवट गाठावयाचा. 'हंड्रेड पर्सेंट' म्हणजे ठरलेल्या यादीतील सर्व काही मिळवावयाचे. यादीत काय असावे, यावर खेळाडू आपसात चर्चा करून एकमत घडवतात. पूर्तीची व्याख्या खेळात दडलेली नसते, ती आधी मान्य करावी लागते, हे या पद्धतीने उघडपणे स्वीकारले आहे.

पूर्ण करण्याची संधीच गेली तर?

महाजालावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या आजच्या खेळांत नवी पर्वे येत राहतात आणि शेवट सतत पुढे ढकलला जातो. परंतु त्यांना आणखी एक शेवट असतो. तो कंपनीच्या हाती असतो. युबीसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटार शर्यतींचा खेळ २०१४ साली आला. त्यातील एकट्याने खेळावयाचा भागही कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होता. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला खेळ कोणालाच खेळता येईना. ज्यांचा खेळ अर्ध्यावर होता, तो अर्ध्यावरच राहिला. त्यानंतर सुरू झालेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेच्या युरोपीय संघातील नागरिक याचिकेवर २०२५ साली १० लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. विक्री थांबली तरी विकलेला खेळ खेळण्याजोगा राहावा, ही तिची मागणी आहे.

खेळ कोठवर खेळला म्हणजे पूर्ण झाला, हे खेळाडू स्वतः ठरवू शकतो. राजकन्या सुटेपर्यंत, शेवटचा तारा मिळेपर्यंत किंवा यंत्र थकेपर्यंत. त्यासाठी खेळ चालू राहणे मात्र आवश्यक आहे. जुन्या कॅसेटमधील मारिओ आजही तेथपर्यंत नेता येतो. 'द क्रू' ज्यांनी पैसे मोजून घेतला, त्यांच्याकडून ती संधी कंपनीने काढून घेतली.