सुंगटांचा भाव आणि परदेशातील कचेरी

(द्वितीय वर्ष कला)

मासळी दर्यातून निघाली की बाजारात जाते, एवढेच आपण किनाऱ्यावरची माणसे जाणतो. परंतु कोळंबी, म्हाकूल यांचा मोठा वाटा बर्फात बसून परदेशी जातो, आणि तिची वाट मोकळी करण्यास सरकारी अधिकारी आधीच तेथे गेलेला असतो. त्याच्या कामाची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न.

१९७२ साली केंद्र सरकारने सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण स्थापन केले. मुख्यालय कोचीला. या संस्थेने टोकियो व न्यूयॉर्क येथे कचेऱ्या उघडल्या. तेथील अधिकारी स्वतः मासे विकत नाही. तो तिकडचे खरेदीदार व इकडचे निर्यातदार यांची गाठ घालून देतो, प्रदर्शनात भारताचे दालन मांडतो आणि त्या देशाचे नियम बदलले की इकडे कळवतो. हे शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते.

कारण नियमात बसले नाही की दार बंद! १९९७ साली युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात थांबवली होती. २०१९ साली अमेरिकेने आपली समुद्रात पकडलेली कोळंबी नाकारली. ट्रॉलच्या जाळ्यात कासवे गुदमरून मरतात. जाळ्यात गजांची चौकट बसवली तर कोळंबी गजांमधून मागे जाते व कासव झडपेतून सुटते. अशा चौकटी आपल्याकडे सर्रास नव्हत्या. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या वाळूत कासवे अंडी घालायला येतात, हे ध्यानी घेतले म्हणजे हा परका नियमही आपलाच वाटू लागतो.

२०२४-२५ साली देशाने सुमारे १७ लाख टन सागरी उत्पादने पाठवून ६२,४०८ कोटी रुपये मिळवले. त्यात पहिला मान गोठवलेल्या कोळंबीचा; पण ती बहुतांशी तळ्यांत वाढवलेली, आंध्रची. तिला कासवांचा नियम लागू नाही. झळ बसते ती दर्यात जाणाऱ्याला.

माझे बाबा लिलावाहून परतले की एवढेच म्हणतात, "आज सुंगटांचो भाव पडलो." का पडला, ते त्यांना धक्क्यावर कोणी सांगत नाही. परदेशातून निघालेली बातमी निर्यातदारापर्यंत पोचते. तीच मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर सोप्या मराठीत लागली पाहिजे. इंग्रजी परिपत्रक मराठीत उतरवून देणे, मित्रहो, आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना खचित जमण्यासारखे आहे.