मोर्स कोड ऐकण्याचा वेग वाढत नाही? तक्ता बाजूला ठेवा, कान कामाला लावा

जुन्या नोकिया फोनवर मेसेज आला की एक ठरावीक सूर वाजायचा. तीन छोटे, दोन लांब, परत तीन छोटे. डी-डी-डी, डा-डा, डी-डी-डी. गावागावांत हा आवाज लोकांनी हजारदा ऐकला, पण तो मोर्स कोड आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. तीन छोटे म्हणजे एस, दोन लांब म्हणजे एम, परत एस. सरळ 'एसएमएस' असंच तो फोन सांगत होता.

गंमत अशी, की तो सूर ओळखायला कुणी टिंबं मोजली नाहीत. आवाज आला की हात खिशाकडे जायचा. मोर्स शिकायची खरी पद्धत तीच आहे. आणि नेमकी तीच सोडून बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात.

आता कुणी म्हणेल, तार तर कधीच बंद झाली, मग हे शिकायचं कशाला? देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, हे खरं. पण हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओवर मोर्स आजही रोज चालतो. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम ऑपरेटर तिथेच होते आणि त्यांच्या रेडिओवरून निरोप पोचत होते. टॉवर पडले, वीज गेली, तरी एक बॅटरी, एक तारेचा अँटेना आणि छोटा संच एवढ्यावर संपर्क होतो. त्यातही बोलण्यापेक्षा मोर्सला खूप अरुंद जागा लागते, म्हणून कमी शक्तीचा क्षीण सिग्नलसुद्धा खरखरीतून कानाला सापडतो. डोंगरातल्या ज्या वाड्यांवर पहिल्या मोठ्या पावसात नेटवर्क जातं, तिथे ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

परीक्षेत घोडं कुठे अडतं

भारतात हॅम परवान्याच्या दोन पायऱ्या आहेत. खालची रिस्ट्रिक्टेड, तिला मोर्स लागत नाही. वरची जनरल, तिच्यात जास्त शक्तीचा संच वापरता येतो, पण मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स ऐकून लिहावा लागतो आणि पाठवावाही लागतो. मोर्समध्ये पाच अक्षरांचा एक शब्द धरतात. पाच मिनिटं सलग ऐकायचं, म्हणजे साधारण २०० अक्षरं. त्यात पाचपेक्षा जास्त चुका झाल्या की नापास. नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर ताजी अट वाचून घेणं बरं.

मिनिटाला ८ शब्द म्हणजे एका अक्षराला सरासरी दीड सेकंद. ऐकायला भरपूर वाटतं. पण ज्याने टिंब-रेघांचा तक्ता पाठ केलाय, त्याच्या डोक्यात या दीड सेकंदात काय काय चालतं बघा. आवाज आला, त्याची टिंबं मोजली, तक्ता डोळ्यांपुढे आणला, त्यात शोधलं, अक्षर सापडलं, आता लिहायचं. तोवर पुढचं अक्षर वाजून गेलेलं असतं. मिनिटाला ४-५ शब्दांपर्यंत हे कसंबसं जमतं, पुढे दम लागतो. हुशारी कमी पडली असं नसतं, रस्ताच लांबचा धरलेला असतो.

मृगाच्या आधी पावशा ओरडतो, तेव्हा शेतकऱ्याला 'पेरते व्हा' असंच ऐकू येतं. पक्ष्याने किती सूर काढले हे कुणी मोजत नाही. भजनी मंडळात पखवाज शिकणारं पोरही बोल कानाने उचलतं, कागदावरून नाही. मोर्सचं 'डा-डी-डा' तसंच एक बोल म्हणून कानात बसलं पाहिजे आणि हाताने थेट 'के' काढला पाहिजे. मध्ये टिंब नाही, रेघ नाही, तक्ता तर नाहीच. ज्यांचा तक्ता आधीच पाठ झालाय, त्यांना हे जरा जड जातं, कारण सवय मोडायला वेळ लागतो.

सुरुवातच वेगाने

१९३० च्या दशकात जर्मनीत लुडविग कोख नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तारयंत्र चालवणाऱ्यांना शिकवण्याची एक पद्धत मांडली. हळू सुरू करून वेग वाढवत न्यायचा, ही नेहमीची रीत त्याने उलटी केली. पहिल्या दिवसापासून अक्षरं पूर्ण वेगाने ऐकायची, पण फक्त दोनच. आज बहुतेक अ‍ॅप के आणि एम पासून सुरू करतात. ही दोन उलटसुलट वाजतात, आपण लिहीत जायचं. शंभरात नव्वद बरोबर यायला लागली की तिसरं अक्षर घ्यायचं, परत नव्वद झाली की चौथं. नव्वदच्या आत असेल तर पुढे जायचं नाही, कितीही कंटाळा आला तरी.

दुसरी युक्ती अमेरिकेतल्या फार्न्सवर्थ यांच्या नावाने ओळखली जाते. अक्षर वाजतं वेगाने, मिनिटाला १८-२० शब्दांच्या हिशेबाने, पण दोन अक्षरांमधली शांतता लांबवलेली असते. एकूण वेग ८ पडतो, पण प्रत्येक अक्षर मात्र चपळ ऐकू येतं. यातलं मर्म असं : ८ च्या वेगात एक टिंब दीडशे मिलिसेकंद चालतं, २० च्या वेगात फक्त साठ. साठ मिलिसेकंदांची टिंबं मोजायचं म्हटलं तरी मोजता येत नाहीत, त्यामुळे कानाला अख्खा बोल पकडावाच लागतो. पुढे वेग वाढवायचा म्हणजे फक्त मधली शांतता कमी करत जायची. शिकलेलं अक्षर परत नव्याने शिकावं लागत नाही.

या दोन्ही सोयी मोबाइलवर फुकट मिळतात. 'लर्न सीडब्ल्यू ऑनलाइन' हे संकेतस्थळ कोख पद्धतीनेच धडे देतं. अँड्रॉइडवर कोख पद्धतीची अ‍ॅपही आहेत. एकदा उतरवलं की नेटशिवाय चालणारं अ‍ॅप निवडलं तर शेतात, एसटीतही सराव होतो. सेटिंगमध्ये अक्षराचा वेग आणि एकूण वेग असे दोन आकडे वेगवेगळे देता येतात का, हे आधी बघायचं. एकच आकडा असेल तर ते अ‍ॅप फारसं कामाचं नाही. सूर साधारण ६०० ते ७०० हर्ट्झवर ठेवला तर कान शिणत नाही. वायरचा साधा इअरफोन चांगला. काही ब्लूटूथ संच जागे होताना पहिलं टिंबच गिळतात, मग एच चा एस ऐकू येतो आणि माणूस स्वतःच्या कानाला दोष देत बसतो.

रोज किती? सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा. रविवारी सलग तीन तास बसून आठवडा भरून काढता येत नाही, कान थकला की चुकीचंच पक्कं होतं.

सुटलेलं अक्षर सुटू द्यायचं

परीक्षेत माणूस पडतो तो बहुतेक वेळा एका अक्षरामुळे नाही, त्या अक्षराच्या मागे धावल्यामुळे. एक सुटलं, 'काय होतं ते' असा विचार केला, तेवढ्यात पुढची तीन गेली. पाच चुकांची बहुतेक सवलत एका झटक्यात संपली. म्हणून सरावातच सवय लावायची : सुटलं की त्या जागी आडवी रेघ, आणि कान पुढच्यावर. सराव मोबाइलच्या कीपॅडवर न करता वहीवर पेनाने करावा, कारण परीक्षेत हातानेच लिहायचंय. अक्षरं सुटी, मोठी काढत बसण्यापेक्षा जोडून लिहिलेली लहान लिपी हाताला हलकी जाते.

काही जोड्या सगळ्यांनाच छळतात. एस, एच आणि ५ चा आकडा : तीन, चार, पाच टिंबं. व्ही आणि ४. बी आणि ६. जे आणि १. अ‍ॅपमध्ये फक्त हीच अक्षरं निवडून चार-सहा दिवस तेवढंच ऐकलं की घोळ बराच निवळतो.

परीक्षेतला मजकूर इंग्रजी असतो, म्हणून मराठी माध्यमातली पोरं बिचकतात. खरं तर यात भाषेपेक्षा कान मोठा. उलट इंग्रजी चांगलं असलेले पुढचा शब्द ओळखायला जातात, टी आणि एच ऐकलं की 'द' लिहून मोकळे होतात आणि पुढे भलताच शब्द निघतो. म्हणून अर्धा सराव अर्थ नसलेल्या पाच-पाच अक्षरांच्या गटांवर आणि अर्धा साध्या मजकुरावर ठेवावा.

वेग अडकतो तेव्हा

कुठे तरी वेग थांबतो. बऱ्याच जणांचा १० च्या आसपास. महिना महिना आकडा हलत नाही आणि इथेच लोक सोडून देतात. ही अडचण नवी नाही. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोघांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तार शिकणाऱ्यांचा अभ्यास छापला. पाठवण्याचा वेग बऱ्यापैकी सरळ चढत जातो, पण ऐकण्याचा वेग मध्येच कित्येक आठवडे सपाट राहतो आणि मग पुन्हा चढतो, असं त्यांना दिसलं. त्यांचं म्हणणं असं, की या सपाट काळात माणूस सुट्या अक्षरांवरून अख्ख्या शब्दांवर जात असतो.

यातून बाहेर पडायला दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, जमतो त्यापेक्षा दोन-तीन शब्द जास्त वेगाने पाच मिनिटं ऐकायचं. निम्मं सुटलं तरी चालेल. मग परत नेहमीच्या वेगावर यायचं, तो एकदम संथ वाटतो. दोन, नेहमीचे छोटे इंग्रजी शब्द अख्खे ऐकायचे, न लिहिता. 'अँड', 'द', 'फॉर' यांचे सूर त्या नोकियाच्या सुरासारखेच ओळखीचे होतात. परीक्षा ८ ची असली तरी घरी १०-१२ जमायला लागल्यावरच अर्ज भरावा, कारण परीक्षेच्या खोलीत छाती धडधडते आणि दोन शब्द तिथेच गळतात.

अ‍ॅपचा स्वच्छ आवाज सवयीचा झाला की खऱ्या सिग्नलकडे वळायचं. त्यासाठी रेडिओ विकत घ्यायची गरज नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर मोबाइलच्या ब्राउझरवर कुणालाही ऐकता येतो. त्यात ७.००० मेगाहर्ट्झपासून थोडं वर सरकत गेलं की मोर्स सापडतो. तिथे खरखर असते, आवाज वर-खाली होतो, प्रत्येकाचा हात वेगळा असतो. 'व्हीयू' ने सुरू होणारं नाव ऐकू आलं तर समजायचं, स्टेशन भारतातलं आहे. ऐकायला हरकत नाही, मात्र परवाना हातात येईपर्यंत स्वतः हवेत काही पाठवायचं नाही, तो गुन्हा आहे.