मेडशीहून दिवाडी बेटावर

मी मूळची वाशिम जिल्ह्यातल्या मेडशीची. सध्या मुक्काम गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर. इथं पोर्तुगीजांचा अंमल १९६१ पर्यंत होता.

श्रावणात इथल्या पातोळ्या नक्की खा! भिजवून वाटलेल्या तांदळाचं पीठ ओल्या हळदीच्या पानावर बोटांनी पातळ पसरायचं, वर खोबरं-गुळाचं सारण, पान मधोमध दुमडून वाफवायचं. झाकण काढलं की हळदीचा असा काही घमघमाट सुटतो! हिंदू घरांत त्या नागपंचमीला होतात, ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरी मातेच्या, फेस्ताला. पदार्थ तोच.

 

बेटावर पूर्वी सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं. देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथं बोंदेरा भरतो. वाड्यांच्या हद्दीच्या जुन्या भांडणांतून आलेला हा झेंड्यांचा उत्सव; पोरं बांबूच्या नळीतून तिरफळं उडवतात. यायचं तर जुन्या गोव्याहून फेरीबोट धरा.