हृदयालेख संदिग्ध असेल तर...

छातीत कळ येऊन गेली आणि हृदयालेखावर ‘अनिश्चित बदल’ असा शेरा आला, तर त्याचा अर्थ काय? अकोल्यास जावे की घरी परतावे, हा निर्णय हिवरखेडसारख्या गावातील कुटुंबाला त्यावरूनच घ्यावयाचा असतो.

हृदयालेख ही हृदयातील विद्युत्स्पंदनांची काही सेकंदांची नोंद होय. या तंत्राबद्दल आइन्थोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र झटक्याच्या आरंभी ही नोंद निर्दोष दिसू शकते. उलट, जुना रक्तदाब, काही औषधे वा रक्तातील पोटॅशियमचे कमीअधिक प्रमाण यांमुळेही तीत फरक पडतो. म्हणून संदिग्ध अहवाल हा हृदयविकाराचा पुरावा नव्हे, तसेच निर्धास्त राहण्याचा परवानाही नव्हे.

अशा वेळी काही अंतराने पुन्हा आलेख काढतात. हृदयस्नायूस इजा झाल्यास रक्तातील ट्रोपोनिन वाढते. ती वाढ दिसण्यास काही तास लागू शकत असल्याने ही चाचणीही बहुधा दुबार होते. इकोने हृदयाचे आकुंचन कळते. आवश्यक तर श्रमचाचणी वा अँजिओग्राफी करतात.

जुना आलेख जपून ठेवावा; तुलनेने निदान सुकर होते. कळ पुन्हा उठल्यास, घाम वा धाप लागल्यास अहवालाची चर्चा करीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.